कोणाकडे राहतोस, हे फ्रेंचमध्ये सांग

जन्मभर जळगावात फ्रेंच शिकवलं असं सांगितलं, की समोरचा माणूस जरा थांबतो आणि मग हळूच विचारतो, "यजमान काय करायचे?" यजमान सिंचन खात्यात होते आणि त्यांचा पगार घरात यायचा, हे खरं. पण माझा घास मी फ्रेंचवर कमावला. आठवड्यातले चार दिवस जळगावला, दोन दिवस धुळ्याला, असं एसटीने हेलपाटे घालत कमावला.

कोणत्या साली लागले, कधी कायम झाले, हे इथे सांगत बसत नाही. ते सगळं पेन्शनच्या कागदांत आहे आणि तिथेच बरं दिसतं. मला सांगायचं आहे ते एका बारीकशा गोष्टीबद्दल. फ्रेंचमध्ये गावाला जाताना एक शब्द लागतो, देशात जाताना दुसरा आणि माणसाकडे जाताना तिसरा. एवढ्याशा गोष्टीपायी मी जितका जीव जाळला, तितका स्वतःच्या बाळंतपणात जाळला नसेल.

मराठीत आपण हे न शिकताच करतो. जळगावला जातो, भारतात राहतो, डॉक्टरकडे जातो. कोणी 'डॉक्टरला जातो' म्हणालं तर चार माणसं हसतील. फ्रेंचचंही तसंच आहे. गावाला 'आ'. देशाला 'आँ' किंवा 'ओ', कारण तिथे देशांतही बायका आणि पुरुष असतात. भारत बाई, सेनेगल पुरुष. का, ते विचारू नका. मला कोणी सांगितलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. आणि माणसाकडे जायचं असेल, तर 'शे'. सोनाराकडे, न्हाव्याकडे, मावशीकडे, सगळीकडे 'शे'. आता आमच्याकडच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे', त्यामुळे पहिल्या तासाला हमखास हशा पिकायचा. या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, असं मी दर वर्षी सांगायचे आणि पुढे जायचे.

कॉलेजातल्या मुलांना फ्रेंच हवं असायचं ते मार्कांसाठी. संस्कृत अवघड, हिंदीत मार्क पडत नाहीत, म्हणून फ्रेंच. परीक्षा संपली की 'बोंझूर' सोडून सगळं विसरायचे. त्यांनी 'आ' घातलं काय, 'ओ' घातलं काय, कोणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडायला लागलं ते मी दुभाषी म्हणून कामं घ्यायला लागल्यावर.

मी जात्याच घाबरट आहे. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघते, जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा ओढते. अशा बाईने दुभाषी होऊ नये, पण जळगावात दुसरं होतं कोण? एका डाळमिलची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात अल्जीरियाचे पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट सांगते. मालक म्हणाले, माल अल्जीरियाला पोचता करू. मी बोलून गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत मला चैन पडेना. अल्जीरिया हा देश आणि अल्जीयर्स हे त्याच देशातलं शहर. मी देशाचा शब्द वापरला होता की शहराचा? दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचं फाटक उघडायच्या आत मी तिथे हजर. कागद काढायला लावले. शहराचाच शब्द घातला होता मी, आणि पाहुण्यांना माल उतरवून हवा होता ओरान नावाच्या दुसऱ्या बंदरात. कागद दुरुस्त झाला. मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार टेन्शन घेता." मी घेतलं नसतं तर त्यांची यंत्रं भलत्याच धक्क्यावर पडून राहिली असती. पण हे कोण बोलणार? चहा पिऊन घरी आले.

निवृत्तीनंतर एक वेगळंच काम आलं. आमच्याकडे ठिबकच्या नळ्या बनतात हे जगजाहीर आहे. त्या नळ्या आता आफ्रिकेतल्या शेतांतही जातात, आणि नळ्या गेल्या की त्या बसवायला माणसं जातात. आमच्याकडची शेतकऱ्यांचीच मुलं, आयटीआय केलेली, नळीला नुसता हात लावून दाब किती आहे ते सांगणारी. सेनेगलला जाणाऱ्या अशा सहा फिटरांना कामापुरतं फ्रेंच शिकवायचं होतं. त्यांना पाठवणारा एक कंत्राटदार होता. त्याने मला मुदत दिली तीन आठवडे. मी म्हटलं, तीन आठवड्यांत मूलसुद्धा पालथं पडत नाही. तो म्हणाला, "जमवा हो."

मी जमवलं ते माझ्या हजेरीच्या जोरावर. माझ्या वर्गात नाव पुकारून हजेरी नसायची. आत येणाऱ्याने दारातच उभं राहून दोन वाक्यं बोलायची, मगच बसायचं. कुठून आलास आणि कोणाकडे राहतोस. "मी सावद्याहून आलो. मी जळगावला माझ्या मामाकडे राहतो." यात गाव आलं, माणूस आलं, दोन्ही शब्द आले. चुकलं की परत बाहेर जाऊन यायचं. हे सहाही जण जळगावात तीन आठवडे कोणाकोणाकडे उतरले होते; मामाकडे, बहिणीकडे, चुलत्याच्या मित्राकडे. आमच्याकडची ही रीतच आहे. परगावी गेलेल्या माणसाला कोणी 'कुठे उतरलास' असं विचारत नाही. 'कोणाकडे' असं विचारतात. कोणाकडेच नाही म्हणजे काहीतरी बिनसलेलं आहे, असं समजतात.

त्या सहांत योगेश नावाचा एक होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. वडील लहानपणीच गेलेले, आई कोरडवाहू शेती करायची आणि एक चुलते होते. उंच, सावळा, बोलायला चिक्कू. दारात उभा राहून गावाचं वाक्य नीट म्हणायचा आणि दुसऱ्या वाक्याला गप्प. मी म्हणायचे, "कोणाकडे राहतोस, हे फ्रेंचमध्ये सांग." तो जमिनीकडे बघायचा. त्याला शब्द येत नाही, असं मला वाटलं. चार दिवस त्याने नुसतं 'जळगावला राहतो' एवढ्यावर भागवलं. पाचव्या दिवशी माझा पारा चढला. मी म्हटलं, "अरे बाबा, कोणाचंही नाव घाल. वाक्य खरं असायला नको, बरोबर असायला हवं. मला तुझा पत्ता नकोय."

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी आबाकडे राहतो." शब्द अगदी बरोबर, उच्चारही स्वच्छ. मी शाबासकी दिली. पुढे रोज तेच वाक्य. हा आबा कोण, हे मी कधी विचारलं नाही. भाषा शिकवणाऱ्याला तशी सवयच लागते. 'माझ्या मामाकडे तीन मांजरं आहेत' असं कोणी म्हणालं, तर आम्ही मांजरं मोजत नाही, व्याकरण बघतो.

सहाही जण गेले. त्यांचे फोन येत, मग कमी झाले. पाच जण वर्षाच्या आत परत आले किंवा दुसरीकडे गेले. योगेश तिथेच राहिला.

मग गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात एक दिवस, दुपारी जेवून मी भांडी विसळत होते, आणि दारात दोन माणसं. एक साठीच्या बाई, डोक्यावर पदर, पायांवर धूळ, आणि त्यांच्यामागे टोपी घातलेले एक गृहस्थ. गृहस्थ म्हणाले, "फ्रेंचवाल्या मॅडम इथेच राहतात ना?" ती योगेशची आई होती. गावात त्यांना सगळे अक्का म्हणतात. गृहस्थ म्हणजे योगेशचे चुलते, नाना. सकाळी अंधारात निघून शिरपूर, तिथून चोपड्यामार्गे एसटीने जळगाव, आणि स्टँडपासून पत्ता विचारत पायी.

अक्का बसल्यासुद्धा नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मॅडम, योगेश बोलत नही. पाच दिन व्हई ग्यात."

पाच दिवस त्याचा फोन बंद होता. तोवर एक दिवसाआड न चुकता फोन यायचा. नाना कंत्राटदाराच्या कचेरीत जाऊन आले होते. तिथे म्हणाले, रेंज नसेल, पाऊस झाला असेल. कधी परत लागेल? लागेल तेव्हा लागेल.  मी चेहरा सांभाळला, कारण अक्का माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. तो कुठे राहतो तिथे, असं विचारलं. अक्कांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. आबाकडे राहतो, असं त्या म्हणाल्या. मग आबाचं सगळं सांगितलं. म्हातारा माणूस आहे, गुडघे दुखतात, पण स्वभावाने फार चांगला. घर मोठं, अंगणात झाड, झाडाखाली सगळे एका ताटात जेवतात. आबाची बायको योगेशला अंमळ जास्तच वाढते. दोन गाई आहेत, त्यातली एक मारकी. आबाची सून यंदा बाळंत झाली. पोराला परमुलखात असं घर मिळालं, म्हणून आपण इतके महिने निवांत होतो, असं अक्का म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. बिबड्या होत्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घरी केलेले. पुढच्या खेपेला कोणी तिकडे जाणार असेल, तर आबाच्या घरी द्यायच्या म्हणून आणल्या होत्या.

माझाही जीव थोडा खाली पडला, खोटं कशाला सांगू. सहांतला एक तरी कोणाच्या घरात घरच्यासारखा राहतोय. नानांकडे एक नंबर होता. दोन महिन्यांपूर्वी योगेशचा फोन बिघडला, तेव्हा त्याने दुसऱ्या फोनवरून एकदा केला होता, आणि तो आबाचा फोन आहे असं सांगितलं होतं. नानांनी मोबाइलमध्ये 'आबा' म्हणूनच ठेवला होता. त्यांनी लावून बघितला होता, पलीकडून कोणी बोललं, पण यांना काही कळेना आणि त्याला काही कळेना. म्हणून ते माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, मग काय, सोपंच आहे. आपल्या दोन वाजता त्यांच्याकडे सकाळचे साडेआठ. मी फोन लावला.

फोन उचलला गेला, पण आवाज म्हातारा नव्हता. तिशीतलाही नसेल. मी स्वतःची ओळख सांगितली, भारतातून बोलते आहे म्हटलं, आणि विचारलं की योगेश नावाचा भारतीय ज्यांच्याकडे राहतो, ते आपणच का.

तो म्हणाला, "भारतीय? नाही मादाम. माझं रस्त्यावर दुकान आहे. त्याने एकदा माझ्या फोनवरून फोन केला होता."

मग तो कोणाकडे राहतो, असं मी विचारलं. माझंच जुनं वाक्य, वर्गाच्या दारातलं. त्याने फ्रेंचमध्ये दोनच शब्द सांगितले. "शे पेर्सोन." म्हणजे कोणाकडेच नाही.

मग तो सांगत गेला. त्याचं नाव मामादू. त्याच्या दुकानामागे मैलभरावर मोठं शेत आहे, तिथे पंपाची खोली आहे, तिच्यात तो भारतीय राहतो. बरोबरची माणसं कधीच दुसऱ्या कामावर गेली, याला पंप सांभाळायला एकटा ठेवलं. रोज सकाळी दुकानात पाव घ्यायला यायचा, नमस्कार करायचा, जायचा. भला माणूस. पण चार दिवसांत आला नाही. मामादूला वाटलं, देशी परत गेला असेल.

 अक्का माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हनतस आबा?"

दुभाष्याला एक शिस्त असते. समोरचा जे बोलला तेच सांगायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. राग असेल तर रागच सांगायचा, शिवी असेल तर शिवी. मी ती कधी मोडली नव्हती. त्या क्षणी मी अक्कांना म्हटलं, "थांबा जरा, बघायला जातायत." हे कोणीही बोललं नव्हतं. अजून कोणी जायला तयारही नव्हतं.

मामादूला मी म्हटलं, जाऊन बघा. तो म्हणाला, दुकान उघडं आहे, सकाळची गिऱ्हाइकं आहेत, दुपारी जातो. मी त्याच्या हातापाया पडले म्हणायला हरकत नाही. आणि काय फ्रेंच बोलले. शेताला माणसाचा शब्द लावला, माणसाला देशाचा, क्रियापदं सगळी उलटीपालटी. माझ्या वर्गात कोणी असं बोललं असतं, तर मी त्याला दिवसभर दाराबाहेर उभं केलं असतं. आई इथे माझ्यासमोर बसली आहे, एवढं वाक्य मात्र धड आलं.  त्यावर त्याने कोणालातरी त्याच्या भाषेत हाक मारून दुकान बघायला सांगितल्याचं ऐकू आलं. म्हणाला, जातो, पोचलो की लावतो. फोन बंद.

पुढचा पाऊण तास मी कसा काढला, ते माझं मला माहीत. नाना खुर्चीच्या कडेला बसून टोपी काढत होते, घालत होते. अक्का मात्र बऱ्यापैकी शांत. त्यांच्या हिशेबाने आबा घरातून उठून शेतात योगेशला बोलवायला गेले होते. म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असताना आपण त्याला पिटाळलं, याचीच त्यांना चुटपुट. दोनदा मला म्हणाल्या, आबांना सांगा, सावकाश जा म्हणावं.

मी चहा ठेवला. गॅससमोर उभी राहिले आणि तिथे माझ्या ध्यानात आलं. आबा मी त्याला दिला होता. कोणाचंही नाव घाल, म्हणाले होते. वाक्य खरं असायला नको. जळगावातल्या त्या तीन आठवड्यांतही त्याच्याकडे नातलग कोणी नव्हता. तो कुठे झोपत होता कोण जाणे, आणि रोज सकाळी दारात उभा राहून मला बरोबर वाक्य सांगत होता. पुढे आईने फोनवर विचारलं असेल, कोणाकडे शे बेटा? त्याने तेच वाक्य तिला सांगितलं. मग त्याला अंगण दिलं, झाड दिलं, मारकी गाय दिली, सुनेचं बाळंतपण केलं. पंपाच्या खोलीत एकट्याने बसून एक अख्खं घर उभं केलं, आईला झोप लागावी म्हणून. आणि आता त्या घरात त्याला शोधायला जाणारं कोणी नव्हतं. चहा उतू गेला. मी गॅसही पुसला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल.

मला मनातून वाटत होतं, आत्ताच सांगून टाकावं. अक्का, आबा नाही. असं कोणी नाही. पण फोन आल्यावर काय ऐकायला मिळणार होतं, ते माहीत नव्हतं. वाईट असलं, तर निदान तोवरचा अर्धा तास तरी तिचा पोरगा कोणाच्या घरात असू दे, असा विचार केला. तो बरोबर होता की नाही, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

फोन वाजला. योगेश सापडला होता, हे आधीच सांगून टाकते. मी स्वतः जन्मभर टांगणीला लागलेली बाई आहे, दुसऱ्याला टांगून ठेवायला मला जमत नाही. तो जिवंत होता. आज तो शिरपूरला ठिबकचं दुकान चालवतो, आणि परत आल्यावर त्याने आईला सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ते त्याने सांगितलं नसतं, तर मी हे लिहिलंही नसतं.

त्या दिवशी मात्र तो पंपाच्या खोलीत जमिनीवर पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले, मोबाइल चार्जिंगवाचून मेलेला. मामादू म्हणाला, बोलतो आहे, पण फ्रेंच नाही, तुमचंच काहीतरी बोलतो आहे. हिवतापच दिसतो, आमच्याकडे या दिवसांत येतो. त्याने रस्त्यावरचा एक घोडागाडीवाला थांबवून आणला होता. सरकारी दवाखाना अर्ध्या तासावर होता. घोड्याच्या घुंगरांचा आवाज मला फोनमधून येत होता.

मी अक्कांना सांगितलं, ताप आहे, दवाखान्यात नेतायत. त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले. नाना रडायला लागले.

माझं काम झालं असं मला वाटलं. पण मामादू फोन ठेवेना. त्याने एक प्रश्न विचारला, आणि तो अगदी वाजवी प्रश्न होता. दवाखान्यात सुई देतील, गोळ्या देतील आणि संध्याकाळी सोडतील. तिथे ठेवून घ्यायला खाटा नाहीत. मग याला न्यायचं कुठे? पंपाच्या खोलीत परत टाकला तर हा दोन दिवसांत मरेल. याला पाणी द्यायला तरी कोणी पाहिजे. याचं इथे कोण आहे, मादाम?

 कंत्राटदाराचं नाव घेऊ? तो रेंज नाही म्हणून बसला होता. तुम्हीच ठेवून घ्या, असं म्हणू? कोणत्या तोंडाने? ज्याने फक्त पाव विकला, त्या माणसाला? मी तीस वर्षं 'कोणाकडे' हा शब्द शिकवला, आणि नेमका तो विचारल्यावर मुकी होऊन बसले.

मी गप्प झाले ते बघून अक्का उठल्या. माझ्या हातातून फोन काढून घेतला. मी म्हणणार होते, अहो, त्यांना आपली भाषा येत नाही. त्यांनी मला बोलू दिलं नाही. पदर सारखा केला. समोर वडीलधारं माणूस असल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि बोलल्या.

"आबा, मी योगेशनी माय. मना आंडोर तुमनाकडे शे. तुम्ही शेतस म्हनीसन माले घोर नही."

एवढंच. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, त्यांना नीट सांगा.

पलीकडे मामादू विचारत होता, काय म्हणाल्या त्या?

खरं तर त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. आई काळजीत आहे, तुमचे आभार मानते आहे, असं गुळमुळीत काहीतरी बोलून सुटता आलं असतं. पण मी शिस्तीला धरून बसले. शब्दाला शब्द सांगितला. म्हटलं, ही योगेशची आई. ती म्हणते, माझा मुलगा तुमच्याकडे आहे. तुम्ही आहात म्हणून मला चिंता नाही.

 फोन तुटला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली. घुंगरांचा आवाज येत होता. मागे गाडीवाला घाई करत होता. मग त्याने विचारलं, "तिला असं वाटतं, की तो माझ्याकडे राहतो?"

मी म्हटलं, "हो. पहिल्या दिवसापासून."

 मग त्याने घोडागाडीवाल्याला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यातलं मला काही कळलं नाही. आणि मग माझ्याशी फ्रेंचमध्ये, सावकाश, मला नीट कळावं अशा बेताने, एक वाक्य बोलला. मी त्याला ते परत म्हणायला लावलं. माझी सवयच तशी.

अक्का वाट बघत होत्या. मी त्यांच्याकडे वळून सांगितलं, "आबा म्हणतात, हो. आमच्याकडे आहे."

मामादू फक्त 'तिला सांगा, हो, आमच्याकडे आहे' एवढंच म्हणाला होता. त्या वाक्यातला 'आबा' तेवढा मी माझ्या पदरचा घातला.